नोंदणी प्रमाणपत्र हरवत नसल्याबाबत

दिनांक २४ नोव्हेंबर २०२५, सोमवार. वेळ सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे.

नाव प्रीती बळीराम सोमकुवर, वय २८ वर्षे, धंदा नोकरी (स्टाफ नर्स, धरमपेठेतील एक खाजगी नर्सिंग होम), राहणार वॉर्ड क्रमांक ४, खापरखेडा, तालुका सावनेर, जिल्हा नागपूर.

मी पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी आले असून, कोणाच्याही दबावाखाली नसताना (ड्युटी अर्धी टाकून आल्यामुळे उद्या सकाळी मेट्रनच्या दबावाखाली असेन, तो वेगळा विषय), विचारल्यावरून सांगते की, आज दुपारी साडेचारच्या सुमारास नागपुरात धरमपेठेत साडीच्या दुकानाच्या पायरीवर जी बेवारस पिशवी सापडली, तिच्यात स्फोटक पदार्थ नव्हता. तिच्यात माझे नर्सिंगचे नोंदणी प्रमाणपत्र होते. पिशवी ठेवणारा इसम, जो या क्षणी समोरच्या बाकावर पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसला आहे आणि पाणी पीत नाही, ते माझे वडील बळीराम सोमकुवर, वय ६३ वर्षे. ते अतिरेकी नाहीत. ते रिटायर आहेत.

जबाब टाइप करणाऱ्या हवालदार मायाताईंनी सांगितले की, जबाब शुद्ध भाषेत लागतो, मुद्द्याचा लागतो आणि त्यात टोमणे चालत नाहीत. शुद्ध भाषेचं त्यांनी पाहावं. मुद्द्याचं मी पाहते. टोमण्यांचं मात्र मी काही कबूल करत नाही, कारण झालेली हकीकतच तशी आहे. माणसं जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगणार, ते तसंच ठेवावं, ही विनंती.

माझे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामावर होते. एकतीस वर्षे ते राखेतून घरी आले. आमच्या घरात शर्टाची घडी उलगडली तरी राख, चपातीच्या डब्याच्या झाकणावर राख. मी २०२० साली नर्स म्हणून नोंदले गेले आणि प्रमाणपत्र घरी आले, तेव्हा त्यांनी ते हातात घेण्याआधी दोनदा हात धुतले. नंतर मला किंवा आईला न विचारता ते बाजारात गेले आणि त्याचे लॅमिनेशन करून आणले. दोन्ही बाजूंनी, जाड प्लास्टिकात, दुकानात होते नव्हते त्यातले सगळ्यात जाड. एवढ्यावर समाधान न झाल्याने मागच्या बाजूला एक चिठ्ठी आत टाकून तीही प्लास्टिकात बंद केली. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात असे आहे: "हे कागद सापडल्यास कृपया फोन करावा." खाली त्यांचा मोबाईल नंबर. हे सगळे त्यांनी प्रेमाने केले. या प्रकरणात जे काही बिघडले ते सगळे कोणी ना कोणी प्रेमाने किंवा नियमाने केलेले आहे, हे ठाण्याच्या साहेबांनी सुरुवातीलाच समजून घ्यावे.

मी पाच वर्षांपासून सदर नर्सिंग होममध्ये आहे. तिथे मी सिस्टर आहे, लिफ्ट बंद असली की स्ट्रेचर उचलणारी आहे, रिसेप्शनची मुलगी सुटीवर गेली की रिसेप्शन आहे, आणि डॉक्टरांच्या मिसेस आल्या की त्यांची गाडी मागेपुढे करून देणारीही आहे. कोरोनात लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या मी जपून ठेवल्या आहेत, कारण त्यानंतर दुसरे काही मिळालेले नाही. यंदा सप्टेंबरात मस्कतच्या एका हॉस्पिटलने माझी मोबाईलवर मुलाखत घेतली आणि मला निवडले. त्यांनी मला विचारले, तुम्ही एका पाळीत किती पेशंट बघता. मी खरा आकडा सांगितला तर त्यांना वाटले माझे इंग्रजी कच्चे आहे. मला नुसते नर्स म्हणून काम करायचे आहे, आणि त्यासाठी मला मस्कतला जावे लागते आहे, एवढाच माझा दोष आहे.

तिथे काम करायला तिथले लायसन लागते. लायसनसाठी परीक्षा. परीक्षेला नाव नोंदवायला इथली नोंदणी चालू असल्याचा पुरावा, म्हणजे नूतनीकरणाचा शिक्का. हा शिक्का मूळ प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला मारतात. परीक्षेची नावनोंदणी येत्या शुक्रवारी, २८ तारखेला बंद होते. पुढची सहा महिन्यांनी. हॉस्पिटलने नम्रपणे कळवले आहे की सहा महिने ते थांबणार नाहीत.

दिनांक ३ नोव्हेंबर रोजी मी नूतनीकरणासाठी नर्सेसच्या नोंदणीचे काम होते त्या ऑफिसात गेले. ऑफिसचे नाव लिहू नये, कारण मला उद्या पुन्हा तिथेच जायचे आहे. दोन तास रांगेत उभी राहिल्यावर खिडकीवरच्या साहेबांनी माझे प्रमाणपत्र हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "मॅडम, हे काय करून आणलं? मी शिक्का कुठं मारू, तुमच्या प्लास्टिकवर?"

मी म्हटले, मारून तर पाहा. त्यांनी मारला. शाई प्लास्टिकवरून वाहिली आणि बाबांच्या मोबाईल नंबरवर जाऊन थांबली. साहेबांनी स्वतःच्या रुमालाने ती पुसली आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू रुमाल मी धुवून आणून द्यावा. नंतर ते म्हणाले, "लॅमिनेशन काढून आणा, नाही तर डुप्लिकेट घ्या."

दुसऱ्या दिवशी मी बर्डीच्या बाजारात तीन दुकानांत विचारले. तिघांनीही सांगितले की प्लास्टिक निघेल, पण छपाई त्याच्यासोबत निघेल. एकाने तर आनंदाने कोपऱ्यावर करून दाखवायची तयारी दाखवली. म्हणून सहा तारखेला मी पुन्हा खिडकीवर जाऊन डुप्लिकेटचा अर्ज मागितला. अर्जात कारणाचे तीन रकाने आहेत. मूळ प्रमाणपत्र हरवले, चोरीस गेले किंवा जळाले. पहिल्या दोन्हींना पोलिसांचा दाखला, तिसऱ्याला अग्निशमन दलाचा. चौथा रकाना नाही. माझ्या प्रमाणपत्राला काहीही झालेले नाही आणि तीच अडचण आहे, हे मी खिडकीवरच्या साहेबांना सांगितले. ते मनाने चांगले आहेत. खिडकीतून वाकून हळू आवाजात म्हणाले, "काहून टेन्शन घेऊन राहिले मॅडम? हरवलं म्हणून पोलिसात लिहून द्या. सगळे तसंच करतात. दोन दिवसाचं काम आहे."

मी म्हटले, "पण सर, ते तुमच्या हातात आहे."

ते म्हणाले, "तेच तर सांगून राहिलो. हे घरी नेऊन ठेवा, अन् मंग हरवलं म्हणा."

साहेब, मी खोटे लिहून द्यायला तयार होते. हे मी पोलीस ठाण्यात बसून सांगते आहे, तरी सांगते. मी काही हरिश्चंद्राच्या घरची नाही. मी बाराव्या तासाला पेशंटच्या नातेवाइकांना "डॉक्टर येतच आहेत" असे रोज सांगते. अजून एक खोटे मला जड नव्हते. पण मी घरी येऊन बाबांसमोर ते बोलून बसले, तिथे चुकले.

त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाच तारखेला, पौर्णिमा होती. बाबा पौर्णिमेला विहारात जाऊन पंचशील घेतात. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही पौर्णिमा चुकवली नाही, ठेकेदाराने हजेरी चुकवली तरी. ते मला म्हणाले, "मी काल खोटं बोलणार नाही म्हणून शील घेऊन आलो. अन् आज माही पोरगी पोलिसात खोटं लिहून देते काय? अन् तेही माह्यामुळं?"

माझी आई कौसल्या म्हणाली, "अवं, कागदच तं आहे. लिहून टाक नं. अन् तुमचं येवढं शील आहे तं एखाद्या पौर्णिमेले भांडे घासाचं शील घ्या."

जेवण झाल्यावर बाबा मला म्हणाले, "हरवलं म्हणाचं असन, तं आधी ते हरवलं पाहिजे. खरंच हरवलं तं तुले खोटं बोला लागत नाही. मी हरवतो."

मला वाटले, थट्टा करत आहेत. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी त्याचा विचारही पूर्ण केला होता. मी म्हटले, मग कन्हान नदीत फेकून या, नाही तर चुलीत घाला, संपला विषय. तर ते म्हणाले, "फेकलं तं फेकलं म्हणा लागते. जाळलं तं जाळलं. हरवाचं म्हणजे आपलं ध्यान नसलं पाहिजे." मी विचारले, तुमचे ध्यान नसेल का? ते म्हणाले, "मी प्रयत्न करन."

दिनांक ९ नोव्हेंबर, रविवार. बाबा नागपूरहून येणाऱ्या सिटी बसमध्ये बसले. प्रमाणपत्र शेजारच्या सीटवर ठेवले आणि ध्यान नसावे म्हणून पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर पाहिले. खापरखेड्याला उतरले, घरी आले, पायातली चप्पल काढली, आणि फोन वाजला. कंडक्टरने चिठ्ठी वाचली होती. "काका, तुमचं ते प्लास्टिकचं बसमधी राह्यलं." आता इथे दुसरा कोणी असता तर राँग नंबर म्हणाला असता. बाबा म्हणाले, "हो, माहंच आहे." कंडक्टर पुढच्या फेरीला ते घेऊन थांब्यावर उतरला, बाबांच्या हातात दिले आणि जपत जा म्हणाला. जपत जा, हे बळीराम सोमकुवरांना!

दिनांक १२ नोव्हेंबर रोजी मी पुन्हा खिडकीवर गेले आणि दुसरा काही मार्ग आहे का विचारले. साहेबांनी सहानुभूतीने विचारले, "घरी आग-बिग नाही लागली काय लहानशी?" मी सांगितले की घर जाळण्यापुरती रजा मला मिळत नाही.

या शहरात लग्नाच्या मांडवातून नवरदेवाच्या चपला जातात, कुलूप लावलेली सायकल जाते, नळाची तोटी जाते. माझे प्रमाणपत्र जात नाही. दिनांक २२ नोव्हेंबर, शनिवार, बाबा सावनेरला गेले आणि एसटी स्टँडच्या बाकावर ते ठेवून परत आले. या वेळी त्यांनी मोबाईल बंद करून घरीच ठेवला होता, कारण फोन लागला नाही तर आपण खोटेही बोललो नाही, असा त्यांचा हिशेब. दुपारी तीन वाजता आमच्या दारात मोटरसायकल थांबली. मारोतराव नावाचे संत्र्याचे व्यापारी सावनेरहून वीस किलोमीटर आले होते. फोन लागत नव्हता म्हणून त्यांनी प्रमाणपत्रावरचा पत्ता वाचला होता. सोबत पिशवीभर संत्री आणली होती.

"काहून गा बळीरामभाऊ," ते दारातूनच ओरडले, "पोरीचा असा कागद कोणी टाकून येते काय? शिकवाले काय कमी लागते?"

बाबांनी हात जोडले आणि चूक झाली म्हणाले. आईने चहा केला. मारोतराव दीड तास बसले. त्यांच्या जावयाची सगळी हकीकत मला माहीत आहे, साहेबांना हवी असल्यास वेगळा जबाब देईन. जाताना ते मला म्हणाले, "बाई, तुह्या बापाचं ध्यान नाही राहत आता. तूच पाह्यत जा त्यायच्याकडं."

मारोतराव गेल्यावर मी बाबांवर ओरडले. सहा दिवस उरले होते. मी म्हटले, "तुम्हाले ते हरवाचंच नाही! तुम्हाले मी जाऊच नये असं वाटते. म्हणून चाललं आहे हे सगळं नाटक." बाबांनी संत्री पिशवीतून काढली आणि एकेक पुसून टोपलीत लावली. रविवारी दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवलेही नाहीत, हे मला आईने आत्ता फोनवर सांगितले.

आज दुपारी दोन वाजता ते आईला "प्रीतीच्या कामानं जाऊन येतो" असे सांगून निघाले. धरमपेठ का, असे इथल्या साहेबांनी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, "पोरगीच सांगते, तिकडं कोणी कोणाकडं पाहत नाही. पडलेल्या माणसाले उचलत नाही, कागद कोण उचलते?" हे मी म्हटलेले आहे. पाच वर्षे मी त्याच रस्त्याने येते-जाते, त्यामुळे ते अनुभवावर आधारित आहे.

त्यांनी प्रमाणपत्र स्वतःच्या धुतलेल्या दुपट्ट्यात गुंडाळून रेक्झीनच्या पिशवीत ठेवले होते. कशाला गुंडाळले, असे विचारल्यावर म्हणाले, ओरखडे पडू नयेत म्हणून. पिशवी दुकानाच्या पायरीवर ठेवून ते रस्त्यापलीकडे झाडाखाली जाऊन उभे राहिले. का उभे राहिले, याचे त्यांच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे आहे, पण विचारलेले नाही.

दुकानाचे वॉचमन गिरिधर यांनी आपल्या जबाबात सांगितले आहे की, एक वयस्कर इसम पिशवी ठेवून लांब गेला आणि त्याने चार वेळा मागे वळून पाहिले, म्हणून संशय आला. त्यांचा काही दोष नाही. धरमपेठेत कोणी कशाकडे पाहत नाही हे माझे म्हणणे त्यांनी एकट्याने खोटे पाडले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. त्यानंतर रस्ता अर्धा तास मोकळा केला गेला. साड्या घ्यायला आलेल्या बाया दुकानात अडकल्या आणि दुकानदाराने त्यांना आणखी साड्या दाखवल्या, असे कळते.

पोलीस आले. एका शिपाईदादांनी लांबूनच पिशवीला काठी टोचली. तोपर्यंत माझे वडील झाडाखालीच उभे होते आणि निघून गेले असते तर त्यांना कोणी विचारलेही नसते. काठी दुसऱ्यांदा टोचली तेव्हा ते रस्ता ओलांडून धावत आले. दोन्हीकडे न पाहता आले. ते मोठ्याने म्हणत होते, "साहेब, हळू! साहेब, पोरीचं सर्टिफिकेट आहे त्याच्यात! काठी नका टोचू!" गर्दीने त्यांना धरले. शर्टाची दोन बटणे तुटली आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाही, पण तुटली आहेत, हे लिहून असावे.

मला साडेपाचला फोन आला. मी ठाण्यात आले तेव्हा प्रमाणपत्र साहेबांच्या टेबलावर होते, पेपरवेटखाली. त्याला काही झालेले नाही. काठीचा टोचा लागलेल्या जागी बारीक खळगा आहे, तो फक्त प्लास्टिकला. बाबांनी जाडच घेतले होते.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. दोनदा ते हसले आणि दोन्ही वेळा खोकल्यासारखे केले. मग त्यांनी मला हरवल्याच्या तक्रारीचा कोरा अर्ज दिला आणि म्हणाले, "मॅडम, लिहा हरवलं म्हणून. मी सही करतो. कशाले जीव खाऊन राहिले म्हाताऱ्याचा." मी पेन घेतला. नाव लिहिले, पत्ता लिहिला. 'वस्तू कोठे हरवली' या रकान्यावर आले तेव्हा बाबा बाकावरून म्हणाले, "साहेब, ते तं तुमच्या टेबलावर आहे."

चार दिवस उरले असताना! मला त्या क्षणी बाबांचा एवढा राग आला की मी रडले. सगळ्या ठाण्यासमोर रडले. मायाताईंनी मला पाणी दिले. हे जबाबात लिहायला माझी हरकत नाही. मग मी पेन खाली ठेवला. ज्या माणसाने माझ्या कागदासाठी बॉम्ब असलेल्या पिशवीवर धाव घेतली (बॉम्ब नव्हता हे फक्त त्यांनाच माहीत होते, ते कबूल आहे, पण जमावाच्या हातात काठ्या होत्या हे सगळ्यांना दिसत होते), त्या माणसासमोर बसून मला खोटे लिहिता आले नाही. जमले असते तर बरे झाले असते, असे अजूनही वाटते.

साहेबांनी शेवटी मला विचारले की, वडिलांचा तुमच्या परदेशी जाण्याला विरोध आहे काय, आणि ते कागद मुद्दाम गायब करत होते काय. तीन आठवड्यांत झालेला हा पहिला सरळ प्रश्न. त्याचे उत्तर असे की, नाही. शनिवारी मी त्यांना जे बोलले ते रागाने बोलले. ते खोटे होते, आणि ते शब्द मी परत घेते. जबाबात शब्द परत घेता येतात की नाही मला माहीत नाही, पण येत असतील तर लिहावे. माझे जाणे व्हावे म्हणून या माणसाने तीन वेळा आपला जीव प्लास्टिकात घालून बाकांवर आणि पायऱ्यांवर सोडला. मी जाऊ नये असे माझ्या वडिलांना कधीही वाटलेले नाही.

माझी मागणी एवढीच आहे की, मला हरवल्याचा दाखला देऊ नये. पोलिसांनी जे डोळ्यांनी पाहिले तेवढे ठाण्याच्या शिक्क्यानिशी द्यावे. प्रमाणपत्र खरे आहे, प्रीती सोमकुवर हिचे आहे, प्लास्टिकात आहे आणि त्यावर शिक्का बसत नाही. साहेबांनी तसे पत्र द्यायचे मान्य केले आहे. सोबत या जबाबाची प्रत द्यावी. उद्या साडेदहाला खिडकी उघडते. डुप्लिकेटच्या अर्जात मी हरवले, चोरीस गेले, जळाले हे तिन्ही रकाने कोरे सोडणार आहे. पट्टीने खाली चौथा रकाना आखून त्यात लिहिणार आहे, 'वडिलांनी जपले'. खिडकीवरचे साहेब नाही म्हणाले, तर मी तिथेच उभी राहीन. बारा तास उभे राहायची मला सवय आहे आणि चार दिवस आहेत. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. रकाने ज्याने आखले त्याच्याविरुद्ध आहे, पण त्याचे नाव-पत्ता माहीत नाही.

वरील जबाब मायाताईंनी प्रिंट काढून मला मोठ्याने वाचून दाखवला. बाबा समोरच्या बाकावर असल्यामुळे त्यांनीही तो पहिल्यापासून ऐकला. वाचून संपल्यावर ते उठून टेबलापाशी आले आणि त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. ते म्हणाले, "साहेब, माह्याबद्दलचं तेवढं एक वाक्य बरोबर नाही. 'कधीही वाटलेलं नाही' असं नका ठेवू. वाटते मले. पोरगी जाऊ नये असं रोज वाटते. अन् जावं असं त्याच्याहून जास्त वाटते. दोन्ही लिहा."

कागद छापून झालेला असल्यामुळे मायाताईंनी मला विचारले, हे वाक्य बदलायचे का. मी मान हलवली. म्हणून ती ओळ पेनाने खोडून वर बाबांचे म्हणणे लिहिले आहे आणि बाजूला त्यांची सही घेतली आहे. या दुरुस्तीसह जबाब मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे.

सही
प्रीती बळीराम सोमकुवर

दुरुस्तीपुरती सही
बळीराम सोमकुवर